पाठ सक्तीचा असावा, गाणं नको

"तुमच्या अमेरिकेत पोरं रोज सकाळी झेंड्यासमोर शपथ म्हणतात ना? मग आपल्याकडे वंदे मातरम् म्हणायला कुणाचं काय जातं?" दादाने फोनवर विचारलं. 2025च्या नोव्हेंबरात या गीताला 150 वर्षं झाली. त्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या शाळांत संपूर्ण गीत म्हणण्याचा आदेश निघाला, धर्माचं कारण सांगून त्याला विरोधही झाला. तेव्हापासून आम्हा भावांत हा वाद चालू आहे.

शपथ म्हणतात, हे खरं. आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत तसा कायदाच आहे. पण ज्याच्या मनाला ती शपथ पटत नाही त्याला सूट आहे, आणि तीही त्याच कायद्यात लिहिलेली आहे. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी शपथ म्हणत नाही, नुसती बसून राहते. शपथ संपली की सगळ्यांसोबत तिचीही गणिताची वही निघते. मुलीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते खटकलं होतं. परभणीच्या शाळेत प्रतिज्ञेला हात पुढे केला नाही तर पाठीत धपाटा बसायचा, त्यात वाढलेला मी.

ही सूट सहज मिळालेली नाही. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाला झेंड्याला वंदन करणं मूर्तिपूजेसारखं वाटतं. त्यांची मुलं शाळेतून काढली गेली, आणि 1940 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेचीच बाजू उचलून धरली. पाठोपाठ गावोगावी जमावांनी या लोकांना मारहाण केली. मेन राज्यात त्यांचं सभागृह जाळलं. तीन वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. तारीख होती 14 जून 1943, अमेरिकेचा झेंडा दिन.

दादा म्हणाला, ती तिकडची थेरं. पण आपल्याकडेही हे झालंय. 1985 साली केरळात त्याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात मात्र नसत. शाळेने त्यांना काढलं. पुढच्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं. तो 1943चा अमेरिकन निकालही त्यांनी विचारात घेतला होता.

पण मला खरा उत्तर देणारा दाखला आमच्या मराठवाड्यातलाच वाटतो. 1938 साली निजामाच्या राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेजच्या पोरांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्या गाण्यावर बंदी आली. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने याच गाण्यापायी शेकडो मुलांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं, त्यांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही होते. शिक्षण पणाला लावलं त्या पोरांनी. कुणी हुकूम केला म्हणून नव्हे, हुकूम मोडून गायलं. मराठवाड्याचा माणूस म्हणून मला त्यांचा फार अभिमान आहे. म्हणूनच गायलं नाही म्हणून एखाद्या पोराला वर्गाबाहेर उभं केलेलं मला बघवत नाही. तेव्हा तोंड बंद करायला लावणारी सत्ता होती, आता उघडायला लावणारी असेल. पोराच्या बाजूने पाहिलं तर फरक कितीसा?

इथपर्यंत दादा वैतागलेला असतो. पुढचं ऐकलं की विरोध करणारेही माझ्यावर वैतागतील. गाण्याला सूट द्यावी, वाचण्याला देऊ नये. हे गीत, ते ज्या कादंबरीत आलं ती 'आनंदमठ', ती वाचून दुखावलेले आणि ती वाचून तुरुंगात गेलेले, हे सगळं वर्गात सगळ्यांना शिकवलं पाहिजे. वाचणं म्हणजे मान्य करणं नव्हे. 1987 साली टेनेसीतल्या काही धार्मिक पालकांना मुलांची वाचनपुस्तकं नको होती, तेव्हा इथल्या अपील न्यायालयाने नेमका हाच भेद केला होता. 2025च्या जूनमध्ये मात्र इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधल्या पालकांना, धर्माला न पटणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा दिली. मला तो निकाल पटलेला नाही. आज एकाच्या धर्माला एक गोष्ट खुपली, उद्या दुसऱ्याच्या धर्माला दुसरी. मास्तरांनी शिकवायचं तरी काय?

आणि या गीतात शिकवण्यासारखं किती आहे! पहिली दोन कडवी पाण्याची, पिकांची, चांदण्याची. पुढे मातृभूमी दशप्रहरणधारिणी, म्हणजे दहा शस्त्रं धारण करणारी, दुर्गा होते, आणि एकाच देवाला मानणाऱ्याची अडचण तिथे सुरू होते. ती खरी अडचण आहे, देशद्रोह नव्हे. 1896च्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत स्वतः गाणाऱ्या रवींद्रनाथांनाही ती कळली होती. 1937 साली काँग्रेसने पहिली दोनच कडवी घेतली. मुलांना हेही दाखवावं की 'सप्तकोटि कंठ' म्हणजे तेव्हाच्या बंगाल प्रांताची लोकसंख्या, आणि त्या सात कोटींत मुसलमानही मोजलेले होते.

परवा हे दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आपल्याला शाळेत का नाही सांगितलं रे कुणी?"