तांत्रिक शंकेच्या आडून

सुट्टीत घरी गेले की एक प्रश्न हमखास समोर येतो. मी जर्मनीत राहते, रसायनशास्त्र हा माझा व्यवसाय आहे, म्हणून इंजिनिअर नातेवाईक मुद्दाम विचारतात, "ऑश्विट्झच्या गॅस चेंबरच्या भिंतींत सायनाइड सापडलंच नाही म्हणे. मग ज्यूंचा संहार झाला हे खरं कशावरून?"

ऑश्विट्झ ही नाझींची पोलंडमधली छावणी. तिथल्या गॅस चेंबरमध्ये ज्यूंना हायड्रोजन सायनाइड या विषारी वायूने मारलं जाई. या शंकेचा उगम १९८८ सालचा. ज्यूसंहार नाकारणारं साहित्य छापल्याबद्दल टोरांटोत अर्न्स्ट झुंडेलवर खटला चालू होता. त्याच्या वतीने फ्रेड लूख्टर नावाचा अमेरिकन ऑश्विट्झला गेला आणि परवानगी न घेता भिंतींचे तुकडे फोडून घेऊन आला. हा माणूस देहदंडाची उपकरणं बनवायचा. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. ज्या प्रयोगशाळेने ते तुकडे तपासले, तिला ते कुठले आहेत हे सांगितलंच नव्हतं. तिथल्या रसायनतज्ज्ञाने पुढे स्पष्ट केलं की सायनाइडची क्रिया पृष्ठभागावरच होते, सुमारे दहा मायक्रॉन खोलीपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी. इथे तर अख्खे तुकडे कुटून पूड केली होती. वरच्या थरात जे काही होतं ते आतल्या कोऱ्या सिमेंटमध्ये मिसळून गेलं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कपड्यांतल्या उवा मारायला हायड्रोजन सायनाइड माणसाला मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त लागतो, आणि तोही तासन्‌तास. माणूस ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग एवढ्या प्रमाणाला, काही मिनिटांत मरतो. म्हणून कपड्यांच्या निर्जंतुकीकरणाच्या खोल्यांच्या भिंती सायनाइडने निळ्या पडल्या, गॅस चेंबरच्या तशा पडल्या नाहीत. त्यातून ऑश्विट्झच्याच बिर्केनाउ या भागातली मुख्य गॅस चेंबर्स नाझींनी जाताना सुरुंग लावून उडवली आणि ते अवशेष चार दशकं ऊनपावसात पडून होते. तरीही क्राकोवच्या न्यायवैद्यक संस्थेने काळजीपूर्वक तपासणी करून १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. गॅस चेंबरच्या अवशेषांत सायनाइडची संयुगं मिळाली, कैद्यांच्या राहत्या बराकींत मिळाली नाहीत.

हे उत्तर तीस वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरी घरी तोच प्रश्न नव्याने विचारला जातो, याचा मला राग येतो. खरी शंका असलेला माणूस उत्तर तपासतो. नाकारणारा ते ऐकून पुढच्या शंकेवर उडी मारतो: भिंत नाही तर विष आत टाकायची छताची भोकं, भोकं नाही तर आकडा.

आकड्याचंच बघा. ऑश्विट्झमध्ये ४० लाख मेले असं तिथल्या जुन्या फलकावर होतं. आता ११ लाख मानतात. "मग मारलेल्या एकूण ६० लाख ज्यूंतून तेवढे वजा करा," असा हिशेब मांडला जातो. पण तो एकूण आकडा फलकावरून काढलेलाच नव्हता. राउल हिलबर्ग या इतिहासकाराने १९६१ मध्येच ऑश्विट्झमध्ये मारलेले ज्यू दहा लाखांच्या आसपास धरले होते, आणि तरीही एकूण संख्या ५१ लाखांवर गेली होती.

आपल्याकडे जालियनवाला बागेचे मृत हंटर समितीने ३७९ धरले, काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या घरात. हा वाद इतिहासाचा आहे आणि तो व्हायलाच हवा. त्यावरून डायरने गोळीबार केलाच नाही असं म्हणणाऱ्याला आपण दारात उभं करणार नाही. मग परक्यांच्या मृतांबाबत एवढी सैल मोजपट्टी का?

जर्मनीत हा संहार जाहीरपणे नाकारणं गुन्हा आहे. तसा कायदा भारतात मला नको आहे. बोलण्यावरचे कायदे आपल्याकडे प्रामाणिक संशोधकावर आधी उलटतील अशी भीती वाटते. आणि जर्मनीतही खरं काम कायद्यापेक्षा कागदपत्रं करतात. बव्हेरियातल्या शाळा मुलांना दाखाउच्या जुन्या नाझी छावणीत नेतात ते दस्तऐवज दाखवायलाच.

इंजिनिअर नातेवाइकांना तांत्रिक पुरावाच हवा असेल तर एक कागद आहे. २८ जून १९४३ च्या पत्रात ऑश्विट्झच्या एसएस (छावण्या चालवणारी नाझी संघटना) बांधकाम कार्यालयाने दाहभट्ट्यांची क्षमता कळवली: चोवीस तासांत ४,७५६ प्रेतं. त्या वेगाने तेव्हा छावणीत असलेले सगळे नोंदणीकृत कैदी महिन्याभरातच जाळून झाले असते. भट्ट्या टायफसने मेलेल्यांसाठी होत्या असं नाकारणारे म्हणतात, पण साथीसाठी एवढ्या भट्ट्या कोणी बांधत नाही.