प्रत आणि नाव

परवा एका ग्रुपवर माझाच लेख मला फॉरवर्ड होऊन आला. तीन वर्षांपूर्वी इथेच लिहिला होता, वडिलांच्या आजारपणावर. शेवटचे दोन परिच्छेद उडवलेले आणि खाली 'लेखक अज्ञात'. पाठवणाऱ्या ताईंनी वर लिहिलं होतं, "वाचून डोळे भरून आले."

मला नेमकं कशाचं वाईट वाटलं? लेख फिरला याचं नाही. तो फिरावा म्हणूनच तर लिहिला होता. नाव गेलं आणि मजकूर कापला, ते लागलं. कॉपीराइटच्या, म्हणजे प्रताधिकाराच्या, कायद्याचा भर मात्र नेमका उलटा आहे. तो आधी विचारतो, प्रत कुणी काढली?

'प्रताधिकार' या शब्दातच ते आलं: प्रतीवरचा अधिकार. 1710 साली इंग्लंडमध्ये राणी अ‍ॅनच्या काळात हा कायदा झाला, तेव्हा प्रत काढायला छापखाना लागायचा. वाचणारा, पाठ करणारा, शेजाऱ्याला पुस्तक देणारा माणूस कायद्याच्या वाटेला जातच नव्हता. नव्या पुस्तकावरचा हक्क होता 14 वर्षांचा, लेखक हयात असेल तर आणखी 14. आणि कायद्याच्या शीर्षकातच हेतू लिहिलेला होता, विद्येला उत्तेजन देणं.

आज मोबाइलवर नुसतं पान उघडलं तरी प्रत तयार होते. वाचणं म्हणजेच प्रत काढणं झालंय. म्हणून तर अनेक देशांना अशा तात्पुरत्या प्रतींसाठी कायद्यात वेगळी सूट लिहावी लागली. छापखानेवाल्यांसाठी केलेला नियम असा प्रत्येक वाचकाच्या हातापर्यंत येऊन पोचला.

उलट, वाचकाचे जुने हक्क मात्र निसटले. छापील पुस्तक विकत घेतलं की ते माझं. उसनं द्या, भेट द्या, रद्दीत घाला. ई-पुस्तक 'खरेदी करा' म्हणून घेतलं तरी हातात येतो बहुतेक वेळा फक्त परवाना. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने आपणच विकलेली काही ई-पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून, परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण कपाटातलं पुस्तक असं कुणी येऊन नेऊ शकतं का?

एक स्पष्ट सांगते. नवं पुस्तक आलं की आठवड्याभरात त्याची पीडीएफ फिरवणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. एका पुस्तकामागे लेखकाची, अनुवादकाची दोन-तीन वर्षं जातात आणि विक्रीचा बहुतेक जोर पहिल्या काही वर्षांतच असतो. तेवढा काळ त्यांना मिळायलाच हवा.

पण मुदत किती असावी? लेखकांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार किमान लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं. भारतात 60, युरोप-अमेरिकेत 70. म्हणजे पंचविशीत लिहिलेलं पुस्तक, लेखक ऐंशी वर्षं जगला, तर भारतात 115 वर्षं बंद. यातून नातवंडांनाही क्वचितच काही मिळतं. माझ्याकडे एक कथासंग्रह आहे. प्रकाशन बंद पडलंय, लेखिका गेल्या, वारस कोण ते दोन वर्षं शोधूनही कळलेलं नाही. पानं हात लावला की तुटतात. मी तो स्कॅन करून ठेवलाय, पण कुणाला द्यायचा तर परवानगी मागायला दारच नाही. अशी किती पुस्तकं आपल्या डोळ्यांसमोर मरताहेत.

अमेरिकेत पूर्वी 28 वर्षांनी हक्काचं नूतनीकरण करावं लागे, आणि बहुतेक कृतींचं ते कुणी केलंच नाही. ज्याला हक्क हवाय त्याने तो मागावा, बाकीचं सगळ्यांसाठी मोकळं व्हावं. मला ही रीत न्यायाची वाटते. बर्न करारात हक्कासाठी नोंदणीची अट घालायला मनाई आहे, त्यामुळे आधी तोच बदलावा लागेल. अशक्य म्हणू नका. अंधांना वाचता येतील अशा प्रती देशांच्या सीमा ओलांडून पाठवता याव्यात म्हणून 2013 मध्ये माराकेशला करार झालाच की.

तोवर लेखक स्वतः काही करू शकतात. 2002 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. माझं नाव ठेवा, हवं तर धंद्यासाठी वापरू नका, बाकी खुशाल वाटा, असं आधीच सांगून टाकता येतं. विकिपीडियाचा मजकूर अशाच एका परवान्याखाली असतो. माझ्या इथल्या सगळ्या लेखांना आजपासून हाच नियम: नावासकट, न कापता, कुठेही पाठवा. विचारायचीही गरज नाही.

आणि नाव ही फुकटची हौस नाही. 1928 मध्ये बर्न करारात लेखकाचा नावावरचा आणि मजकुराची मोडतोड रोखण्याचा हक्क आला. पण अमेरिकेसारख्या देशात तो आजही मुख्यतः चित्र-शिल्पांसारख्या दृश्यकलेपुरताच आहे. नाव असलं की वाचक परत येऊन विचारू शकतो, हे खरं का, पुढे काय झालं. 'अज्ञात' माणसाला कोण काय विचारणार?

त्या ताईंना मी मेसेज केला. त्यांच्याकडेही तो तसाच आला होता. त्यांनी ग्रुपवर नाव घातलं आणि मला वेगळं विचारलं, "गाळलेले दोन परिच्छेद मिळतील का? माझेही बाबा आजारी आहेत."

लगेच पाठवले.