अलास्कात वीज फुकट मिळते, हे धादांत खोटे आहे

अलास्कात स्थायिक झाले की सरकार दरवर्षी पैसे देते. तेलाचे राज्य असल्याने वीज जवळजवळ फुकट पडते. तरीही खेड्यांतील लोक दिवसरात्र हीटर लावून बिलांची रड लावतात. पवनचक्क्यांनी सुटणारा हा प्रश्न शहरांतील करदात्यांच्या जिवावर मुद्दाम लोंबकळत ठेवला आहे, अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतो आहे. माझ्या मावसभावाने तो खरा मानून तिथल्या एका खेड्यातील शाळेत नोकरीसाठी अर्ज भरायला घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पैसे मिळतात, एवढे मान्य करावे लागेल. तेलाच्या उत्पन्नातून उभ्या केलेल्या निधीतून रहिवाशांना १९८२ पासून वार्षिक लाभांश दिला जातो आणि २०२३ मध्ये तो माणशी १,३१२ डॉलर होता. मात्र त्यासाठी आधीचे संपूर्ण वर्ष तिथे वास्तव्य असावे लागते, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या या रकमेवर घर चालत नाही.

तेल निघते म्हणून वीज स्वस्त, हा तर्क नकाशा न उघडताच केलेला आहे. उत्तर टोकाच्या प्रूडो बे या तेलक्षेत्रातील कच्चे तेल सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनने दक्षिणेकडील वाल्डीझ बंदरात जाते आणि तिथे जहाजांत भरले जाते. अँकरेज आणि फेअरबँक्स ही शहरे एका ग्रिडवर आहेत. दुर्गम खेड्यांपर्यंत ती ग्रिड जात नाही आणि त्यांतील बहुतेकांना रस्ताही नाही. तिथे गावोगावी डिझेलचे जनरेटर चालतात. युकॉन किंवा कुस्कोक्विम नदीवरचा बर्फ वितळला की डिझेल बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेने येते, आणि नदी पुन्हा गोठण्याआधी टाक्यांत हिवाळाभराची बेगमी करावी लागते. खरेदीच्या वेळी भाव चढा असेल, तर तो पुढचे कित्येक महिने बिलात दिसत राहतो.

हीटरचा आरोप सर्वांत निर्बुद्ध आहे आणि सर्वांत घातकही, कारण त्यात गरजू माणसालाच उधळ्या ठरवले आहे. या खेड्यांत घर मुख्यतः तेलाच्या स्टोव्हवर किंवा लाकडावर तापवले जाते; एवढ्या महाग विजेवर ते तापवणे कोणालाच परवडणारे नाही. वीज लागते ती दिव्यांना, त्या स्टोव्हच्या पंख्याला, आणि उन्हाळ्यात पकडलेला सामन मासा व शिकार केलेल्या मूसचे (मोठ्या हरणाचे) मांस वर्षभर टिकवणाऱ्या मोठ्या फ्रीझरला. अलास्का एनर्जी अथॉरिटी ही राज्याची संस्था राबवते त्या वीजखर्च समानीकरण योजनेचे नियम वाचले असते, तरी हे लिहिण्याचे धाडस झाले नसते. सवलत घरगुती वापराच्या महिन्याला पहिल्या ७५० युनिटपर्यंतच मिळते. त्यापुढे पूर्ण दर लागतो. शहरांतील सरासरी दर आणि युनिटमागे एक डॉलर ही कमाल मर्यादा, यांच्यामधील पात्र खर्चाचा ९५ टक्के भाग राज्य उचलते. म्हणजे शहरी दर २० सेंट आणि गावचा दर ६० सेंट धरला, तर ग्राहकाला युनिटमागे सुमारे २२ सेंट पडतात. मर्यादेच्या आत बिल बरेच हलके होते, हे खरे आहे. पण स्टोव्हच्या तेलाला या योजनेतून एक सेंटही मिळत नाही, आणि दुकाने व शाळा तर योजनेत बसतच नाहीत. किराणा दुकानदार आपल्या फ्रीझरची वीज पूर्ण दराने घेतो आणि तो खर्च गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतो.

पवनचक्क्यांचे म्हणाल, तर ग्रिडबाहेरच्या कोट्झेब्यू गावात त्या १९९७ पासून फिरत आहेत आणि शुंगनाक या खेड्यात २०२१ पासून सौर पॅनेल व बॅटऱ्याही आहेत. त्यांनी डिझेल वाचते, पण वारा पडलेल्या गोठत्या रात्री जनरेटर लागतोच.

उरला करदात्यांचा मुद्दा. अलास्काने राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर १९८० मध्येच रद्द केला आणि राज्यस्तरीय विक्रीकरही तिथे नाही. मग शहरी माणसाच्या खिशातून हा पैसा जातो तो कुठून? उलट १९८० च्या दशकात अँकरेज-फेअरबँक्स वीजवाहिनी आणि ब्रॅडली लेक जलविद्युत प्रकल्प यांवर राज्याचा पैसा खर्च झाला. त्याचा लाभ ग्रिडवरील शहरांना मिळणार होता, म्हणून ग्रिडबाहेरच्या खेड्यांसाठी त्याच दशकात ही सवलत आली. तिचा स्वतंत्र निधी २००० मध्ये स्थापन झाला. २०२१ मध्ये तो राज्याच्या राखीव खात्यात वळवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अलास्का फेडरेशन ऑफ नेटिव्ह्ज ही मूलनिवासींची संघटना आणि इतर काहीजण न्यायालयात गेले, आणि तो तसा वळवता येणार नाही असा निकाल न्यायालयाने दिला.