उत्तररंगात पूर्वरंगच लावावा

नाताळच्या भयपटाचा दुसरा भाग काढण्याची हौस असेल आणि पदरी पैसा बेताचाच असेल, तर पटकथेपायी डोके शिणवू नये. अमेरिकेतल्या काही मंडळींनी ही वाट आधीच मळून ठेवली आहे. सांताक्लॉजच्या वेशातल्या खुन्याची गोष्ट सांगणारा ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ ९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रदर्शित झाला. संतापलेल्या पालकांनी चित्रपटगृहांबाहेर निदर्शने केली आणि वितरकांनी तो लवकरच उतरवला. याला दुर्दैव समजू नये, हे भांडवल आहे. लोकांनी न पाहिलेला चित्रपट पुन्हा दाखवला, तर तो त्यांना नवाच.

दुसऱ्या भागाच्या निर्मात्यांना खरे तर जुन्याच चित्रीकरणाची कापाकापी करून ते नवे म्हणून खपवायचे होते. थोडे तरी नवे चित्रित करू द्या, अशी गळ दिग्दर्शक ली हॅरी यांनी घातली. कलावंताचे असले हट्ट माफक प्रमाणात पुरवावेत. ८८ मिनिटांपैकी सुमारे ४० मिनिटे पहिल्या भागाची ठेवली की शिळ्या कढीला पुरेसा ऊत येतो.

ही कढी ताटात कशी वाढावी, हेही शिकून घ्यावे. मनोरुग्णालयातली एक खोली, एक टेबल आणि टेपरेकॉर्डर घ्यावा. टेबलाच्या एका बाजूला मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या खुन्याचा धाकटा भाऊ रिकी बसवावा. तो पूर्वायुष्य सांगू लागला, की जुनी रिळे सोडावीत. आईवडिलांचा खून झाला तेव्हा रिकी तान्हा होता आणि थोरल्याने खेळण्यांच्या दुकानात मुडदे पाडले तेव्हा तो तिथे नव्हताच, या क्षुल्लक अडचणींकडे लक्ष देऊ नये. त्याला सारे कॅमेऱ्याच्या कोनांसकट आठवते. संजयाला दिव्यदृष्टी मिळायला व्यासमहर्षी लागले. इथे संकलक पुरतो. पुढे त्या डॉक्टरांचा गळा ध्वनिफितीनेच आवळला जातो. पहिला भाग दुसऱ्यांदा इतक्या निमूटपणे ऐकून घेणाऱ्या माणसाला लेखकाने निदान लवकर सोडवले, एवढी माणुसकी आपणही दाखवावी.

अभिनयाची चिंता नटाच्या भुवयांवर सोपवावी. रिकीच्या भूमिकेतल्या एरिक फ्रीमनच्या भुवया शब्दागणिक कपाळावर चढतात आणि बोलून झाले तरी उतरायला तयार नसतात. उरलेले काम संवाद करतात. भर उन्हात एक गृहस्थ कचऱ्याचा डबा घराबाहेर आणतो, हातात पिस्तूल घेतलेला रिकी ‘गार्बेज डे!’ असे ओरडून त्याला गोळी घालतो आणि हसत पुढे निघतो. त्या बिचाऱ्याचा नाताळशी काय संबंध, हे विचारू नये. चित्रपटाचा तरी कुठे होता? तो प्रदर्शित झाला एप्रिल १९८७ मध्ये. एवढे मात्र खरे, की आज हा चित्रपट आठवतो तो मुख्यतः त्या कचऱ्यामुळे, आणि मूळ चित्रपटातून उचललेल्या चाळीस मिनिटांमुळेही.

शेवटी, निषेधाची पत्रे येतील ती फाडू नयेत, नीट फायलीला लावावीत. पहिल्या भागाविरुद्ध खरमरीत पत्र लिहिणाऱ्यांत ज्येष्ठ अभिनेते मिकी रूनी होते. मालिकेचा पाचवा भाग १९९१ मध्ये आला, आणि त्यातला खेळणी बनवणारा म्हातारा त्यांनीच रंगवला.