सी ड्राइव्ह लाल झाली म्हणून विंडोजच्या पोटात हात घालू नका

पीक विम्याच्या अर्जांची गर्दी सुरू झाली की सेवा केंद्रवाले, झेरॉक्सवाले आणि डीटीपीवाले यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘जुना कॉम्प्युटर, सी ड्राइव्ह लाल? फॉरमॅट मारू नका, दहा मिनिटांत ४० जीबी मोकळी करा’ असा मथळा आणि खाली सात उपाय. (सी म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग; तो भरत आला की त्याची पट्टी लाल दिसते.) नांदेड असो की धाराशिव, मजकूर तोच. त्यातले काही उपाय बिनकामाचे आहेत, काही सरळ घातक आहेत आणि जागा खरोखर जिथे अडकलेली असते, तिचा उल्लेख एकाही ओळीत नाही. पुढचं सगळं विंडोज १० धरून लिहिलं आहे; विंडोज ७ मध्ये फरक असेल तिथे तसं सांगितलंय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

‘प्रीफेच फोल्डर रिकामा करा, मशीन पळायला लागेल.’

कोणता प्रोग्राम उघडताना डिस्कवरून काय काय वाचावं लागतं, याच्या नोंदी त्या फोल्डरमध्ये असतात. सगळा मिळून पसारा काही एमबींचा. तो उडवला की विंडोज पुन्हा नव्याने बनवतं आणि तोवर प्रोग्राम उघडायला उलट जास्तच वेळ लागतो. टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरची गोष्ट वेगळी, तो खुशाल साफ करावा. आधी मशीन रीस्टार्ट करा, मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून टेंप हा शब्द दोन्ही बाजूंनी टक्क्याच्या चिन्हांत लिहा, एंटर दाबा आणि उघडलेल्या फोल्डरमधलं सगळं डिलीट करा. जी फाइल ‘वापरात आहे’ म्हणेल, तिला स्किप द्या. एखादं इन्स्टॉलेशन अर्धवट असेल तर तेवढं संपू द्या.

‘विनएसएक्सएस फोल्डर डिलीट करा, १२ जीबी मिळतील.’

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. हा फोल्डर म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं कोठार. या फोल्डरचा आकार एक्सप्लोररमध्ये फुगलेला दिसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे हार्ड लिंक असतात. फाइल डिस्कवर एकच, पण सिस्टम३२ मध्येही दिसते आणि इथेही, त्यामुळे मोजली जाते दोनदा. खरा आकडा हवा असेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अ‍ॅनलाइझकंपोनंटस्टोर’ ही कमांड द्या. साफसफाईची शिफारस आली, तरच शेवटच्या शब्दाच्या जागी ‘स्टार्टकंपोनंटक्लीनअप’ टाकून पुन्हा चालवा. जुन्या डिस्कवर ती एकाच टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. खिडकी बंद करू नका आणि यूपीएस नसेल तर लाईट जायच्या वेळेला हे काम हाती घेऊच नका. पुढे ‘रीसेटबेस’ जोडा असंही कुणी सांगेल. जोडलं की आधीची अपडेट काढून टाकायची वाट बंद होते. विंडोज ७ वर हेच काम डिस्क क्लीनअपमधल्या ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ने होतं.

परवानग्या बदलून फोल्डर हाताने उडवला, तर अपडेट फसतात. आणि बिघडलेल्या सिस्टम फाइली दुरुस्त करणारी ‘एसएफसी’ कमांड चांगली प्रत जिथून उचलते, ती जागाही हाच फोल्डर. मग फॉरमॅटच मारावा लागतो, जो टाळायला हा सगळा खटाटोप होता.

‘पेजफाइल बंद करा.’

रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल जादा रॅमसारखी वापरतं, ती पेजफाइल. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरमध्ये पोर्टलचे चार-पाच टॅब, जोडीला टॅली आणि स्कॅनर, एवढ्यात रॅम भरते. पेजफाइल नसेल तर ब्राउझर मधूनच बंद पडतो आणि भरत आणलेला अर्ज जातो. फारच अडचण असेल तर पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवा. डी त्याच डिस्कचा भाग असेल तर वेग वाढणार नाही, सी वरची जागा तेवढी सुटेल.

हायबरफिल नावाच्या फाइलबद्दल मात्र मेसेज गप्प आहे. मशीन हायबरनेट करताना रॅममधलं सगळं जिथे लिहिलं जातं, ती ही फाइल. विंडोज ७ मध्ये ती साधारण रॅमच्या ७५ टक्के असते, विंडोज १० मध्ये ४० टक्के. म्हणजे ८ जीबी रॅमला सव्वातीन जीबीच्या आसपास. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की ती लगेच जाते. सोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू व्हायची सोयही जाते. डेस्कटॉपवर त्याने फारसं बिघडत नाही. लॅपटॉपवाल्यांनी मात्र विचार करावा. लाईट गेलेली असताना बॅटरी संपत आली, तर उघडं काम हायबरनेटनेच वाचतं.

‘सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून अख्खी कॉम्प्रेस करा.’

जेपीजी, पीडीएफ, एमपी४ या फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्या आणखी दबत नाहीत. जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक वाचनाचा बोजा तेवढा वाढतो. विंडोज ७ मध्ये या भानगडीत विंडोज सुरू करून देणारी बूटएमजीआर फाइलही कॉम्प्रेस झाली, तर मशीन सुरू होतानाच ‘बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड’ म्हणून थांबतं. विंडोज १० मध्ये फक्त सिस्टम फाइली दाबायची अधिकृत सोय आहे: ‘कॉम्पॅक्ट /कॉम्पॅक्टओएस:ऑलवेज’. साधारण दोन जीबी सुटतात, तेवढ्यावर समाधान मानावं.

मेसेजमधले डिफ्रॅग आणि रजिस्ट्री क्लीनर हे दोन उपाय एकाच ओळीत निकाली निघतात. डिफ्रॅग फाइलींचे विखुरलेले तुकडे शेजारी आणतं, मोकळे जीबी होते तेवढेच राहतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही; तिच्यातल्या मेलेल्या नोंदी काढून फार तर काही केबी मिळतात.

‘डिस्क क्लीनअपमध्ये सगळ्या चौकटींत टिक करा.’

सगळ्या नाही! विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पुढच्या काही आवृत्त्यांत त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही आहे. तिथून गेलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, मग गिऱ्हाइकाच्या पावत्या शोधत बसा. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक केली तर जागा भरपूर सुटते, पण फॉरमॅट न मारता विंडोज टाकलेली असेल तर जुना डेस्कटॉप त्याच ‘विंडोज.ओल्ड’मधल्या यूजर्स फोल्डरमध्ये पडलेला असतो. आधी तो बाहेर काढा.

आता खरं दुखणं. ५०० जीबीची डिस्क, त्यात सी ला ५०-६० जीबी आणि बाकी सगळं डी-ई ला, अशी वाटणी जुन्या असेंबल्ड मशीनवर सर्रास दिसते. डी ओस पडलेली आणि काम सगळं डेस्कटॉपवर. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे तिन्ही सी वरच असतात, आणि मेसेज साफ करायला सांगतो विंडोजला. दुखणं हल्याला अन् इंजेक्शन पखालीला.

उपाय असा. डी वर आधी ‘डेस्कटॉप’ नावाचा फोल्डर बनवा. मग सी मधल्या यूजर्समध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात जा, डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर दाखवा. नुसती डी ड्राइव्ह दाखवू नका. अख्खी डी डेस्कटॉप होऊन बसते आणि ते उलटवणं डोकेदुखीचं आहे. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सलाही हीच रीत. प्रोग्राम फाइल्स मात्र कट करून डी वर टाकायच्या नाहीत, रजिस्ट्रीत जुनाच पत्ता राहतो आणि प्रोग्राम उघडत नाहीत.

स्कॅनरची सेटिंगही बघा. ए४ कागद ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन करून बीएमपीत, म्हणजे न दाबलेल्या चित्रात ठेवला तर एका पानाचे सुमारे १०४ एमबी होतात. २०० डीपीआयवर तेच पान ११.६ एमबी आणि ग्रेस्केल केलं तर चारच्याही आत. सातबारा, ८अ यांना २०० डीपीआय ग्रेस्केल पुरतं. पीडीएफ करून ठेवलं तर आणखी कमी.

हे हलवाहलवीचं काम सुरू करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून डिस्कची तब्येत बघा. ०५ किंवा सी५ या ओळींच्या कच्च्या आकड्यात शून्याऐवजी दुसरं काही दिसलं, तर डिस्कवर खराब सेक्टर धरलेत. मग साफसफाई, कॉम्प्रेस, डिफ्रॅग सगळं बाजूला ठेवा, कारण या प्रत्येकात डिस्कला भरपूर वाचावं-लिहावं लागतं आणि खराब डिस्क त्यातच मान टाकते. आधी कामाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, टॅलीचा डेटा सगळ्यात आधी.