सोपा मार्ग म्हणे!

एमएस्सीचं दुसरं वर्ष आणि वजनासाठी केलेली स्लीव्ह सर्जरी. अवघड आहे, मान्य. पण शरीरापेक्षा जास्त छळतात ती आजूबाजूची माणसं!

जठराचा जवळपास 80 टक्के भाग काढलाय माझा. चार घास खायला अर्धा तास लागतो. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही, बाकी वेळ सतत घोट घोट प्यायचं. लॅबमध्ये बाटली नेता येत नाही. बरोबरच आहे, रसायनं असतात तिथे. मग पाच मिनिटं बाहेर सोडायला काय जातं? "आत्ताच तर जाऊन आलीस!" अहो सर, एका वेळी घोटभरच मावतं!

हजेरी 75 टक्के भरायला हवी, म्हणून मेडिकल सर्टिफिकेट दिलं. ते ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची काय गरज होती?

रोज किमान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं आणि मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते. वर मैत्रिणींचा आग्रह, "एका पेढ्यानं काय होतंय?" होतं! दरदरून घाम येतो, छाती धडधडते, तसंच उठून संडासात पळावं लागतं. भर सेमिनारमध्ये!

आणि ते कायमचं वाक्य: "सोपा मार्ग निवडलास." विंचरताना हातात केसांचा पुंजका येतो, व्हिटॅमिनच्या गोळ्या आता जन्मभर, त्यात प्रबंधाची तारीख डोक्यावर. यातलं सोपं काय आहे, सांगा ना!