जाड ऑइल टाकलं की जुन्या बाईकचा धूर बंद होतो?

सध्या फिरतंय ते असं, की लाखभर किलोमीटर झालेल्या बाईकमध्ये जाड ऑइल ओता, धूर बंद, इंजिन खोलायची गरजच नाही. धूर थोडे दिवस कमी दिसेलही, पण पिस्टनवरच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या रिंगा घासल्या असतील तर त्या काय ऑइलने भरून येत नाहीत. आधी निळा, म्हणजे ऑइल जळल्याचा धूर कधी येतो ते बघा ना. रात्रभर उभी गाडी स्टार्ट केल्यावर भपकन येऊन थांबला तर बहुतेक वॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे वॉल्व्ह सील गेलेत, ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) घासलीय. खात्री हवी तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा, आकडा बराच वाढला तर रिंगा किंवा बोअरच. आणि जाड मिळतंय म्हणून कारचं ऑइल तर नकोच, बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, घसरायला लागू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचच्या बाईकला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या.